मदत हवी आहे: दाजीपूरला चालत फिरायचंय, गेटवरनं परत आलोय

बावडेकर_९०
नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी पहाटे चारला उठून दाजीपूरच्या अभयारण्यात गेलो आणि गेटवरनंच माघारी आलो. जाऊन येऊन दीडशे किलोमीटरच्या वर रपेट, सगळी फुकट. येत्या रविवारी परत जायचंय आणि ह्यावेळी जमलंच पाहिजे. आत चालायच्या वाटा कुठल्या आणि परवानगी कुठं मिळते, एवढंच सांगा. जीपमधनं नको, चालतच. आत्ता मे महिन्यात पानं झडलेली असतात म्हणून जनावर लांबनं दिसतं म्हणे. पटापट सांगा, सोमवारची रजा टाकायची आहे.

घाटवाट
परत का पाठवलं ते लिहिलंच नाहीस. किती जण होता? कुठल्या गाडीनं गेलेला?

बावडेकर_९०
दोघं. सातला पोचलो होतो, उशीर झाला असं पण नाही. नियम आहे म्हणाले. ते जाऊ द्या, वाटा सांगा की.

मसाई_दिवाना
भावा, दाजीपूर सोड. मसाई पठारावर जा. गेट नाही, पावती नाही, पन्हाळ्यापासनं लांब पण नाही. महाराज १६६० च्या जुलैत पन्हाळ्यावरनं विशाळगडाला निघाले ते ह्याच वाटेनं. मी अकरा वेळा पन्हाळा-पावनखिंड केलीय. नाद खुळा वाट आहे.

घाटवाट
पावसाळ्यात ठीक. मे महिन्यात मसाईवर माणसं पाठवतोस? सावलीला एक झाड शोधून दाखव.

मसाई_दिवाना
टोपी घालायची, ताक न्यायचं. उन्हाला भिणाऱ्यांनी रंकाळ्यावर चक्कर मारावी.

रानवही
धागाकर्त्यांच्या एका वाक्यावर थोडं. दाजीपूर-राधानगरीचं जंगल सरसकट पानझडी नाही. निमसदाहरित आणि आर्द्र पानझडी अशी सरमिसळ आहे. ऐन, किंजळ, नाणा पानं टाकतात. अंजनी, जांभूळ वर्षभर हिरवे. शिवाय झडणाऱ्यांपैकी बऱ्याच झाडांना मेपर्यंत नवी पालवी आलेली असते. म्हणजे लांबचं दिसेल ह्या भरवशावर जाऊ नका. उलट खाली पाचोळा इतका वाळलेला असतो की तुम्ही चार पावलं टाकली की गव्याला आधी कळतं.

बावडेकर_९०
धन्यवाद, पण मी झाडांचं विचारलं नव्हतं.

कणकवलीची_माई
आमच्याकडून फोंडा घाट चढला की दाजीपूरच. जळवांसाठी मीठ आणि तंबाखूची पूड फडक्यात बांधून पुरचुंडी न्यायची. पायमोजे विजारीवरून ओढून घ्यायचे. जळू चिकटली तर ओढून काढू नका हो, पुरचुंडी टेकवली की आपोआप गळते.

घाटवाट
माई, मे महिना आहे. जळवा कुठल्या?

कणकवलीची_माई
मग गोचिडींसाठी पायमोजे घाला. आमच्या जिल्ह्यात दोडामार्गाकडे २०१६ पासून माकडतापाचे रोगी सापडलेत, तो गोचिडीतूनच येतो. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकायचे आणि अंग नीट तपासायचं. थट्टा करू नका.

बायसन_भाई
मी गेल्या वर्षी सड्यावर, म्हणजे आतल्या कातळाच्या पठारावर, बायसनचा कळप बघितला, अठरा-वीस तरी असतील. जगात भारी. सफारीच कर भावा, चालण्यात काय मजा नाही.

रानवही
बायसन अमेरिकेत आणि युरोपात. आपला तो गवा.

बायसन_भाई
आमच्या लहानपणी पाटीवर बायसन अभयारण्यच लिहिलेलं असायचं.

रानवही
पाटी चुकीची होती. पाठीवर ठसठशीत वशिंडासारखा उंचवटा आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, तो गवा. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या आसपास भरतो. कळप दिसला तर तो सहसा स्वतःच बाजूला होतो. सावध राहायचं ते एकट्या नरापासून. तो फुसकारला की थांबायचं आणि तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागं सरायचं. मोबाईल काढायचा नाही.

कलम_सत्तावीस
मूळ प्रश्नाकडे येतो, कारण अजून कुणी आलेलं नाही. अभयारण्य म्हणजे सज्जनगडाची वाट नव्हे, वाटलं आणि चढलो असं नसतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २७ नुसार परवान्याशिवाय आत प्रवेश नाही. कलम २८ खाली पर्यटनासाठी परवाना मिळतो. पावती फाडायची, सोबत वाटाड्या घ्यायचा आणि तो नेईल त्याच वाटेनं जायचं. ‘आत चालायच्या वाटा कुठल्या’ हा प्रश्नच चुकीचा आहे.

मसाई_दिवाना
म्हणूनच म्हणतोय, मसाई.

घाटवाट
बावडेकर, दुसऱ्यांदा विचारतो. गाडी कुठली होती?

बावडेकर_९०
बुलेट. का?

घाटवाट
आता कसं! दुचाकी आत सोडत नाहीत रे.

बावडेकर_९०
पण मला चालायचंच होतं की. फक्त म्हटलं, थोडं आतपर्यंत गाडी नेऊ द्या, तिथनं चालतो.

घाटवाट
ह्या एका वाक्यासाठी आम्ही जळवांपर्यंत जाऊन आलो.

राधानगरीचा_पाव्हणा
रोजचं हाय हे. आमच्या गावावरनं जाणाऱ्या निम्म्या बुलेटा दुपारी तोंड पाडून परत येत्यात. बरं, जीपला एवढा नकार कशापायी? सड्यापर्यंत चालत जाऊन परत यायचं म्हणजे एका दिवसाचं काम नव्हं. बरोबरचं दुसरं माणूस कोण?

बावडेकर_९०
वडील. ७१ वय. ह्याच कारणानं चालत म्हणत होतो. आजोबा फेजिवड्याचे, राधानगरी धरणावर कामाला होते. बाबा चौदा-पंधरा वर्षांचे असताना त्यांच्याबरोबर सावराई सड्यावर चालत गेले होते. तेव्हा कुणी अडवत नव्हतं म्हणतात. आता परत चालतच जायचं, जीपमधनं बघायचं म्हणजे टीव्हीवर बघितल्यासारखं, असा हट्ट आहे. उजवा गुडघा दुखतो, पण ते मान्य करत नाहीत.

कलम_सत्तावीस
अडवत नसतील, पण अभयारण्य तेव्हाही होतं. १९५८ ला जाहीर झालं, १९८५ ला वाढवून ३५१ चौरस किलोमीटर केलं. त्याआधी कोल्हापूरच्या छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान.

घाटवाट
अरे एकाहत्तर वय आणि गुडघा हे सगळ्यात आधी लिहायचं असतं! आणि त्यांना बुलेटवर मागं बसवून नेलंस?

बावडेकर_९०
त्यांनाच हौस.

राधानगरीचा_पाव्हणा
मग नीट ऐका. चारचाकी घ्या, भाड्यानं घ्या न्हाईतर कुणाची तरी मागा. गेट उघडायच्या टायमाला हजर राहा आणि वाटाड्याला आधीच सांगा, म्हातारा माणूस हाय, जुना फेजिवड्याचा हाय, सड्यावर थोडं चालायचंय. गाडी सड्याजवळ नेतील, मग तो म्हणेल तिथं उतरायचं. दहा वाजायच्या आत चालून घ्या, नंतर कातळ पायताणातनं पोळतो. पाणवठ्याकडं नेलं तर काठाच्या चिखलात बघा, गव्याचा खूर उमटलेला असतो. दोन फाकी, माणसाच्या तळहाताएवढ्या. वरचा चिखल अजून ओला आणि कड मोडलेली नसली तर जनावर नुकतंच गेलंय. तुमच्या वडलांना हे वाटाड्यापेक्षा जास्त ठावं असणार.
शुद्ध पायी जायचंच असलं तर उगवाईचं देऊळ आणि शिवगड बघा. किल्ला म्हणजे थोडी तटबंदी राहिलीय, पण वरनं खाली कोकण दिसतंय. त्याचं पण गेटवरच विचारा. गुडघ्याचं बघून ठरवा.

बावडेकर_९०
दादा, हे पहिल्यांदाच लिहिलं असतं तर!

राधानगरीचा_पाव्हणा
तुम्ही पहिल्यांदाच वडलांचं लिहिलं असतं तर!

पेठेतला_पाटील
येताना राधानगरी धरणाचे दरवाजे बघून या. पाणी सुटलेलं बघायला मजा येते.

कलम_सत्तावीस
मे महिन्यात? ते सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण काठोकाठ भरल्यावर पाण्याच्या दाबानं उघडतात. जुलै-ऑगस्टशिवाय काय दिसणार?

पेठेतला_पाटील
दरवाजे तर दिसतील.

बायसन_भाई
मेअखेर असला तर रात्री थांबा. काजवे बघायला लोक लांबनं येतात. झाडच्या झाड एका तालात लुकलुकतं.

कणकवलीची_माई
काजव्यांकडे टॉर्च मारू नका म्हणावं. आमच्या इथले पोरगे झाडावर मोबाईलचा उजेड पाडून फोटो काढतात, आणि सगळं झाड विझून जातं.

मसाई_दिवाना
बाबांना पावसात मसाईवर आणा कधीतरी. मी येतो सोबत, गुडघा जपून नेऊ.

घाटवाट
हे पहिलं शहाणपणाचं बोललास.

बावडेकर_९०
मेव्हण्याची व्हॅन ठरली. शनिवारी रात्री राधानगरीत मुक्काम, पहाटे गेटवर. बाबांनी आत्तापासनं पिशवी भरून ठेवलीय. विचारतायत, आजोबांची घुंगराची काठी आहे, ती आत चालते का?

राधानगरीचा_पाव्हणा
काठी चालते. घुंगरू काढा.