जेट्टीचा हिशेब वेगळा धरा

मुंबई-गोवा हायवेने रत्नागिरीजवळच्या हातखंब्यापर्यंत जाऊन मग गणपतीपुळे गाठावं, किनाऱ्याच्या रस्त्यात उगाच दिवस जातो, असा सल्ला काही जण देतात. घाई असेल तर ठीक. पण मग कोकण बघायचं राहतं आणि नुसते ट्रक मोजायचे. गुहागरहून गणपतीपुळ्याला चिपळूणवरून गेलात तर शंभर किलोमीटरच्या वर रस्ता पडतो. हेदवी करून तवसाळला आलात आणि फेरीबोटीने शास्त्रीची खाडी ओलांडून जयगडला उतरलात, की गणपतीपुळे पुढे वीसेक किलोमीटरवर. असाच फेरा दाभोळ-धोपावे आणि वेसवी-बागमांडला या फेरीबोटींनीही वाचतो.

फेरीबोटीबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. गाडी बऱ्याचदा रिव्हर्समध्ये चढवायला सांगतात. मी पहिल्यांदा दाभोळला नेली तेव्हा मागे दहा गाड्या, खलाशी हातवारे करतोय आणि बायको दार उघडून खाली उतरलेली! तिचंच बरोबर होतं, चढवताना गाडीत फक्त चालक असलेला बरा. दुसरं म्हणजे भरती-ओहोटी. ओहोटीला जेट्टीवरून बोटीत जायचा उतार जास्त तिरका होतो, बुटकी सेडान असेल तर पुढचा बंपर घासतो, आमचा घासला. तिथी बघून निघा, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी फार खाली जातं हे लक्षात राहील. आणि शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारा, पावसाळ्यात तर नक्कीच.