ऑक्सिन मरत नाही, सरकतं
रोपं उजेडाकडे का वाकतात आणि लुकडी का होतात यावरच्या पोस्टमधलं बाकी सगळं पटलं, पण उजेडाने ऑक्सिन (रोपातलं वाढीचं संप्रेरक) नष्ट होतं म्हणून रोप वाकतं असं जे त्यात लिहिलंय ते तसं नाहीये. १९५७ साली मक्याच्या कोंबांवर मोजून बघितलेलं, अंधारातले कोंब आणि एकाच बाजूने उजेड दिलेले कोंब, दोन्हींत एकूण ऑक्सिन जवळपास सारखंच निघालं, फक्त उजेडवाल्यांत ते सावलीच्या बाजूला सरकलेलं, मग त्या बाजूच्या पेशी जास्त लांबतात आणि कोंब उजेडाकडे झुकतो. हे काम निळ्या प्रकाशाचं.

रोपं लुकडी, पिवळट होतात ती भानगड वेगळी. तिथे फायटोक्रोम, म्हणजे रोपातलं प्रकाश ओळखणारं प्रथिन. लाल प्रकाश (साधारण ६६० नॅनोमीटर) मिळाला की ते जागं होतं आणि खोड लांबवणाऱ्या पिफ प्रथिनांना आवरतं, अंधारात ती मोकाट, वर जिबरेलिन या दुसऱ्या वाढीच्या संप्रेरकाची साथ, मग काय, बियांमधला सगळा साठा उंचीवर खर्च! गंमत म्हणजे दाटीतल्या रोपांचंही असंच होतं कारण शेजारची पानं लाल प्रकाश खातात आणि ७३० नॅनोमीटरच्या आसपासचा दूर-लाल (लालच्या पलीकडचा) तेवढा परत फेकतात, त्याने फायटोक्रोम पुन्हा झोपतं, म्हणजे प्रत्यक्ष सावली पडायच्या आधीच रोपाला शेजारी कळतो. त्यामुळे नुसता दिवा जवळ आणून भागेलच असं नाही, विरळणी पण करून बघा.