तोरणमाळच्या कच्च्या रस्त्यावर ट्रेलरमधला फ्रिज जागेवर कसा राहील?

प्रश्न – शहादा

मंडळी, नमस्कार. गाडीमागे ओढायचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर बनवून घेतलाय. एक ॲक्सल, पाट्यांचं स्प्रिंग, चौकोनी पाइपचा चासी आणि वर १२ मिमी प्लाय. मागच्या दारापाशी ४० लिटरचा, १२ व्होल्टवर चालणारा कंप्रेसर फ्रिज आहे. खाली रबरी मॅट, वरून दोन बेल्ट, आणि ते बेल्ट प्लायला स्क्रूने मारलेल्या कड्यांत अडकवलेले.

डांबरीवर काहीच त्रास नाही. राणीपूरवरून घाट चढून तोरणमाळला यशवंत तलावापर्यंत व्यवस्थित पोचलो. पुढे पाड्यांकडच्या कच्च्या रस्त्याला लागलो आणि थांबून पाहतो तर फ्रिज वीतभर सरकलेला, एक कडी स्क्रूसकट उपटलेली, प्लग सॉकेटमधून निघालेला. फ्रिज कधी बंद पडला कळलंच नाही.

नुसतं दूध-भाजी असती तर एवढं विचारलं नसतं. आईचं इन्सुलिन त्यात असतं. तिचं माहेर अक्कलकुव्याकडचं, सातपुड्यात जायचं म्हटलं की सगळ्यांच्या आधी तिची पिशवी भरलेली. तिला घरी ठेवून जाणं मला जमणार नाही. उन्हाळ्यात इकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे.

सरकता ड्रॉवर बसवू की फ्रिज कायमचा कसू? आणि बेल्ट कुठे बांधू?

प्रतिसाद – धुळे, ट्रकबॉडीचं काम

राम राम भाऊ. बेल्टचं नंतर बोलू, आधी जागा बदला. एका ॲक्सलच्या ट्रेलरात सगळ्यात जास्त आपटतं ते शेपटाला. फ्रिज ॲक्सलच्या किंचित पुढे, जमिनीलगत आणा. हुकावर वजनही बरोबर येईल. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा हुकावर हवा, मागे वजन गेलं की वेगात ट्रेलर डुलायला लागतो.

दुसरं, वाकून पाटे बघा. बऱ्याच वेळा एक टनाचे पाटे लावतात आणि वर सामान चारशे किलोचं. पाटा दबतच नाही, प्रत्येक खड्ड्यात अख्खा ट्रेलर उडतो. मग फ्रिज कितीही आवळा, धक्के तो खाणारच. जिथे बनवला तिथूनच एखादा पाटा कमी करून घ्या आणि शॉकअप नसतील तर लावा. कच्च्यावर टायरची हवा बत्तीसवरून बावीस-चोवीसवर आणा. डांबरीला लागलं की परत भरायची, हे विसरू नका.

आता कसणं. भरलेला फ्रिज पस्तीसेक किलो धरा. चाक आपटलं की क्षणभर त्याची दुप्पट-तिप्पट ओढ येते. प्लायमधला स्क्रू ती धरत नाही. फ्रिजच्या तळाच्या मापाची एक इंची अँगलची चौकट करा, आतून रबर चिकटवा, आणि ती ८ मिमीच्या बोल्टांनी थेट चासीच्या आडव्या पाइपला कसा. जिथे फक्त प्लाय असेल तिथे खालून पट्टी द्या. नट नायलॉकच (आत नायलॉनची कडी असलेला) वापरा, साधा नट थरथरीने सुटतो. सरकणं चौकट अडवेल, बेल्टने फक्त उडणं अडवायचं. म्हणजे चार कोपऱ्यांतून तिरपे खाली ओढणारे बेल्ट, कड्याही चासीलाच.

प्रतिसाद – जळगाव

वरच्या भाऊंशी सहमत, एक भर घालतो. रॅचेट बेल्ट झाकणावरून नेऊन करकचून आवळू नका. झाकणाचं रबर वाकडं दबलं की फटीतून गार हवा जाते आणि कंप्रेसर थांबतच नाही. बॉडीला बांधायच्या कड्या असतील तर तिथे बांधा. पण नुसती प्लॅस्टिकची मूठ असेल तर तिच्यावर भरवसा नको.

ड्रॉवरबद्दल माझं स्पष्ट मत: या रस्त्यांसाठी नको. चांगला ड्रॉवर स्वतःच दहा-पंधरा किलोचा असतो, फ्रिज तेवढा उंच जातो, आणि बंद स्थितीतही त्याच्या रुळांत खेळ राहतो. झाकण वरून उघडायला जागा असेल तर कायमचा कसा. कंप्रेसरच्या जाळीसमोर मात्र चार बोटं जागा मोकळी सोडा. रावेर-यावलच्या उन्हात बंद पेटीत कोंडलेला फ्रिज बॅटरी पिऊन टाकतो.

प्रतिसाद – चोपडा, सोलर-वायरिंग

प्लग निघाला म्हणजे सिगारेट लायटरचं सॉकेट असणार. ते काढाच. अँडरसन प्लग बसवा, दोन्ही टोकं एकमेकांत घट्ट बसतात. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. वायर ६ चौ. मिमीची घ्या. फ्रिज चार-पाच अँपिअर ओढतो, बॅटरी सहा मीटरवर असेल तर २.५ च्या वायरीत जाऊन-येऊन जवळपास ०.४ व्होल्ट गळतो. फ्रिजचा कटऑफ (व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेलं की फ्रिज बंद करणारी सेटिंग) ‘हाय’वर असेल, तर बॅटरीत जीव असूनही तो बंद होतो. फ्रिजपाशी वायरीला थोडा झोल ठेवा, ताणून क्लिप मारली तर धक्क्याने आतून तुटते.

इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं आणि गोठायला तर अजिबात नको. एकदा गोठलं की वितळल्यावरही वापरायचं नाही. अशा फ्रिजच्या भिंती तळापेक्षाही गार होतात, म्हणून कुप्या झाकणाच्या डब्यात, कापडात गुंडाळून, मधोमध ठेवा. फ्रिज ५ वर लावा. आत कमाल-किमान तापमान दाखवणारा वेगळा थर्मामीटर टाका आणि पुढे ड्रायव्हरला दिसेल असा बाहेरचा डिस्प्ले घ्या.

प्रश्नकर्ता

ॲक्सलच्या पुढे पाण्याची ५० लिटरची टाकी आहे. ती मागे घेऊ का?

प्रतिसाद – धुळे

नाही भाऊ. पाणी म्हणजे ५० किलो, ते मागे गेलं तर हुक हलका होईल. टाकी थेट ॲक्सलवर घ्या आणि फ्रिज तिच्या पुढे. मागे गादी-चादरी टाका. धुळ्याला येणं झालं तर ट्रेलर रिकामा न आणता भरूनच आणा, पाटे किती दबतात ते वजनाखालीच कळतं. आणि चौकट बसवल्यावर पहिल्यांदा कच्च्याला लागाल तेव्हा पाच-सात किलोमीटरवर थांबून प्रत्येक बोल्टला पाना लावा. नवीन रबर बसतं तेवढे ते ढिले होतात.