क्लच बदलून आणला आणि लगेच चेक इंजिन लाइट लागला, सर्व्हिस सेंटर म्हणतंय आमचा संबंध नाही

पाचवा_गिअर:
मंडळी जरा मदत हवीय. गाडी पेट्रोल, मॅन्युअल, ९२ हजार किमी झालेत. क्लच स्लिप व्हायला लागला होता म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला टाकली, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळा सेट बदलला आणि दोन दिवसांनी गाडी मिळाली. क्लच एकदम हलका झालाय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी स्टार्ट केली तर आरपीएमचा काटा एका जागी थांबेना, ५०० ते १२०० मध्ये वरखाली, सिग्नलला दोनदा बंद पडली आणि संध्याकाळपर्यंत पिवळा चेक इंजिन लाइट लागला. बॉनेट उघडलं की कुठूनतरी बारीक सूंऽऽ आवाज येतो, प्रेशर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो ना तसा.
परत नेली तर अ‍ॅडव्हायझरने स्कॅनर लावला, म्हणे थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) गेलीय, नवीन टाकावी लागेल, क्लचच्या कामाशी संबंध नाही, गाडी जुनी झालीय. अहो पण आदल्या दिवसापर्यंत इंजिनचा काहीच त्रास नव्हता! घरचे म्हणतात देऊन टाका पैसे आणि मोकळे व्हा, मला ते पटत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?

जुना_फिटर:
पैसे देऊ नका, निदान आत्ता तरी नाही.
मी बरीच वर्षं वर्कशॉपमध्ये क्लचची कामं केलीत. इंजिन आडवं बसवलेलं असेल (पुढच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या बहुतेक गाड्यांत असतंच) तर गिअरबॉक्स उतरवायला आधी वरून बॅटरी, बॅटरीचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा आणि तिथून थ्रॉटलकडे जाणारा जाड रबरी पाइप हे सगळं बहुतेक वेळा काढावंच लागतं, मग संबंध नाही कसा? त्या जाड पाइपला एक बारीक ब्रीदर पाइप येऊन मिळतो, इंजिनच्या वरच्या झाकणावरून (टॅपेट कव्हर). तो परत लावायचा राहिला किंवा क्लॅम्प नीट आवळला नाही की तिथून हवा खेचली जाते. ही हवा एअरफ्लो सेन्सरला दिसतच नाही, कारण सेन्सर तिच्या आधी बसलेला, आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल सोडतो सेन्सरने मोजलेल्या हवेच्या हिशोबाने, त्यामुळे मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि काटा नाचतो. तुमचा तो सूंऽऽ आवाज मला तोच वाटतोय.
स्कॅनरवर बिघाडाचा कोड कोणता आला ते विचारलंत का? पी०१७१ असेल तर त्याचा अर्थ मिश्रण पातळ एवढाच होतो, थ्रॉटल खराब असं तो कोड कुठेही म्हणत नाही.
अजून एक करा. गाडी मोकळ्या जागी हँडब्रेकवर लावा, इंजिन बंद, नुसती इग्निशन ऑन, रिव्हर्स टाका आणि खाली उतरून मागचा पांढरा लाइट लागतो का बघा. त्याचा स्विच गिअरबॉक्सवर असतो, घाईत जोडलेल्या गाडीत तो कनेक्टर हमखास लोंबकळत राहतो.

दुसरी_बाजू:
फिटरभाऊंशी सहमत, फक्त एक सांगतो. ९० हजारांच्या गाडीत प्लास्टिकचे पाइप कडक झालेले असतात, हात लावला की तडकतात, त्यात प्रत्येक वेळी मेकॅनिकचा निष्काळजीपणा असतोच असं नाही. पण तडकला तर सांगायला पाहिजे होतं, ते त्यांचं कामच आहे. आणि बॅटरी काढली की काही गाड्यांत थ्रॉटलची बंद-उघड स्थिती ईसीयूला परत शिकवावी लागते, स्कॅनरवरून होतं ते, तेवढ्यानेसुद्धा आयडलिंग (अ‍ॅक्सिलरेटर न देता इंजिन नुसतं चालू असणं) बिघडतं. म्हणजे थ्रॉटलचं नाव घेणं अगदीच चूक नाही, पण पार्ट बदलायची गरज नसते.

कागद_सांभाळा:
भांडायच्या आधी कागद करा हो. कोडचा नंबर जॉबकार्डवर लिहून घ्या, आणि कोड पुसू देऊ नका. बऱ्याच गाड्यांत लाइट लागल्यानंतर किती किमी झाले ते ईसीयू मोजत असतो आणि त्या क्षणाचं रीडिंग फ्रीझ फ्रेम म्हणून साठवतो, एकदा पुसलं की तुमचा पुरावा गेला. गाडी हातात मिळाली तेव्हाचे किमी बिलावर असतीलच, दोन्ही शेजारी ठेवा म्हणजे त्यांना बोलायची सोय राहत नाही. आणि हो, लाइट नुसता लागून न राहता ब्लिंक व्हायला लागला तर गाडी चालवू नका, मिसफायर होऊन (पेट्रोल नीट न जळता बाहेर जाऊन) कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपमधला धूर साफ करणारा भाग) जाईल, तो खर्च फार मोठा आहे.

पाचवा_गिअर:
मंडळी काय सांगू. रिव्हर्स लाइट लागत नाहीये! आणि मित्राचा ब्लूटूथ स्कॅनर लावला, कोड पी०१७१च. आयडलिंगला लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू नेहमीपेक्षा किती पेट्रोल वाढवून देतोय तो आकडा) +२२ टक्के दाखवतंय, आरपीएम २५०० वर नेलं की ६ वर येतं. टॉर्च घेऊन बघितलं तर ब्रीदर पाइप नुसता टेकवून ठेवलाय, क्लिप खाली ट्रेमध्ये पडलेली. अंगठ्याने दाबून धरला तर आवाज बंद आणि काटा स्थिर. मी फोटो काढले, हात काही लावला नाही, उद्या तसाच घेऊन जातो.

जुना_फिटर:
बरोबर केलंत. आयडलिंगला जास्त आणि रेस केल्यावर कमी म्हणजे हवेची गळतीच. उद्या एक अजून बघायला लावा, गिअरबॉक्स ऑइलची लेव्हल. ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्समधून चाकांना ताकद देणारे दांडे) बाहेर काढले की ऑइल सांडतं, आणि जिथे क्लिप विसरली जाते तिथे ऑइलही विसरलं जाऊ शकतं. तुमच्यासमोर लिफ्टवर घेऊन लेव्हल प्लग उघडायला सांगा.

पाचवा_गिअर:
जाऊन आलो. मॅनेजरने फोटो बघितले आणि स्वतः गाडीजवळ आले, पाइप आणि रिव्हर्सचा कनेक्टर जागच्या जागी लावला, पैसे घेतले नाहीत, थ्रॉटलचं नावही पुन्हा निघालं नाही. लेव्हल प्लग माझ्यासमोर उघडला, फिटरभाऊ, जवळजवळ अर्धा लिटर ऑइल घालावं लागलं.