काड्या आणि टॅबलेट: कशासाठी काय?

लहान मुलांना गणित शिकवायला टॅबलेट हाताशी असताना मणी-काड्यांचा पसारा कशाला, हा प्रश्न रास्त आहे; पण त्याचे उत्तर आपण काय शिकवतो यावर ठरते. इंदूरला आमच्या शिकवणीत दुसरीची मुले 52 वजा 27 करताना आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच जुडगे आणि दोन सुट्या काड्या मांडतात. दोनांतून सात जात नाहीत हे लक्षात आल्यावर मूल एका जुडग्याचे रबरबँड स्वतः काढते, चार जुडगे आणि बारा सुट्या काड्या झाल्याचे पाहते, आणि मगच सात बाजूला करते. अनेक ॲपमध्ये दशकाच्या दांडीवर बोट टेकवताच तिचे दहा तुकडे आपोआप होतात. उत्तर 25 येते, पण दहा मोजण्याची गरजच उरत नाही.

अपूर्णांकांत मात्र पारडे फिरते. कागदी पट्टीच्या घड्या घालून चार किंवा आठ भाग सहज होतात, पण सात समान भाग करताना मोठ्यांचीही दमछाक होते. पडद्यावर 3/7 आणि 2/5 क्षणात एकाखाली एक ठेवता येतात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी 1966 मध्ये मांडलेला आधी हाताने कृती, मग चित्र आणि शेवटी चिन्ह हा क्रम मला इथे उपयोगी वाटतो, फक्त या तिन्हींची सांगड शिक्षकालाच घालावी लागते (साहित्याचा संच कितीही महागडा असो). काड्या हलवतानाच प्रत्येक पायरी वहीत उतरवून घ्यावी. नाहीतर काड्यांचे 25 आणि वहीत दोनांतून सात जात नाहीत म्हणून उलट सातातून दोन वजा करून आलेले 35 ही दोन्ही उत्तरे एकाच मुलाकडे सुखाने नांदतात.