रोजच्या गाडीत रोल बार आणि चार पट्ट्यांचा बेल्ट: सक्ती की बंदी?

वर्धा रोडवाला

मंडळी, डिसेंबरात बंद आवारात, रीतसर परवानगी काढून, सरळ रेषेची, म्हणजे ड्रॅग शर्यत भरवायचं आपलं चाललं आहे. वीसेक गाड्या, सगळ्या रोज ऑफिसला जाणाऱ्या. नियमांचा कच्चा कागद काल माझ्याकडे आला. त्यात एक ओळ आहे: 'प्रत्येक गाडीत रोल बार व चार पट्ट्यांचा रेसिंग बेल्ट सक्तीचा.' (रोल बार म्हणजे गाडी उलटली तर टप धरायला सीटमागे बसवलेली पाईपची कमान.) ही ओळ नुसती खोडू नका, तिच्या जागी उलटी ओळ लिहा, असं माझं मत आहे.

अमेरिकेत या खेळाचे नियम करणारी एनएचआरए 1951 पासूनची संस्था. ते गाडीचं तोंड बघत नाहीत, वेळ बघतात. पाव मैल, म्हणजे 402 मीटर, 13.99 सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापलं तर हेल्मेट लागतं. 11.49 ला पोचलात तर रोल बार. 9.99 ला पूर्ण केज, म्हणजे पाईपचा पिंजरा. कापडी टपाच्या गाडीला रोल बार 13.49 पासूनच, कारण उलटली तर वर काहीच नाही. आता आपल्या गाड्या घ्या. साधी पेट्रोल हॅचबॅक 17-18 सेकंद घेते, रिमॅप केलेली (इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेली) एखादी टर्बो 15 ला आली तर रात्री पार्टी होते. त्यांच्या नियमांच्या पुस्तकाप्रमाणे आपल्यातल्या बहुतेकांना हेल्मेटसुद्धा लागत नाही. मी ते तरीही सगळ्यांना लावायला सांगेन, एका टायरपेक्षा स्वस्त पडतं.

पण बेल्टचं प्रकरण वेगळं आहे. कंपनीचा तीन टोकांचा बेल्ट, सीट आणि एअरबॅग हे एकमेकांसाठी बनवलेले असतात. तुम्ही कंपनीच्या सीटवर चार पट्ट्यांचा बेल्ट लावता तेव्हा मांड्यांमधली पट्टी नसते. धडक बसली की खांद्याच्या पट्ट्या कमरेच्या पट्टीला वर ओढतात, ती हाडावरून पोटावर येते आणि माणूस खालून सटकतो. खांद्याच्या पट्ट्या मागे थेट फ्लोअरला बोल्ट केल्या असतील (बहुतेकांनी तसंच केलंय) तर त्या खांदे खाली दाबतात, ताण मणक्यावर. गाडी उलटली आणि टप आत आला तर साध्या बेल्टमधला माणूस थोडा तरी कलतो, हा ताठ बांधलेला तिथेच राहतो.

मग रोल बार लावा, म्हणाल. रविवारी हेल्मेट घालून ठीक आहे. सोमवारी रहाटे कॉलनी चौकात सिग्नलला उभे असताना मागून कोणी ठोकलं तर उघडं डोकं कशावर आदळणार? त्याच पाईपवर.

म्हणून माझी ओळ: ज्याची गाडी 11.49 च्या आसपासही नाही, त्याने कंपनीचा बेल्ट आणि एअरबॅग जशीच्या तशी ठेवावी. अर्धवट सामान लावलेली गाडी तपासणीतूनच परत पाठवावी.

जुनी पद्मिनी, धरमपेठ

वर्धा रोडवाले भाऊ, वाचायला गोड आहे, पण मला पटलं नाही.

आकडा कळतो गाडी पळाल्यावर. नियम लावायचा असतो पळायच्या आधी. ज्याने आयुष्यात एकदाही वेळ मोजली नाही त्याची पहिली फेरी तुम्ही कुठल्या वर्गात टाकणार? तो सांगेल 'स्टॉक आहे काका, काही बदललं नाही', आणि बॉनेटखाली मोठा टर्बो निघेल. नागपूरचे पोट्टे खरं सांगतील या भरवशावर नियम करायचे असतील तर मग झालंच.

दुसरं. तुमच्या त्या पुस्तकातच 2008 आणि नंतरच्या गाड्यांना मोठी सूट आहे: एअरबॅग आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालू असेल तर 10 सेकंदांपर्यंत, ताशी 135 मैल वेगापर्यंत, रोल बारशिवाय पळवा. ही सूट तिकडच्या 2008 च्या गाडीची आहे. आपल्याकडे ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या गाड्यांना सक्तीची झाली जुलै 2019 मध्ये. माझ्या भाच्याची 2011 ची बेस मॉडेल हॅचबॅक आहे. एअरबॅग नाही, एबीएस नाही, मागच्या सीटला हेडरेस्टही नाही. 'कंपनीचं आहे तसं ठेवा' म्हणता, तर कंपनीने तिला दिलंय काय? आकडा तिकडचा आणि पत्रा इकडचा, असं चालत नाही.

तिसरं माझ्या घरचं. माझी पद्मिनी 1986 ची, मागच्या चाकांवर चालणारी. तिच्या प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा) पुढचा क्रॉस, म्हणजे सांधा, तुटला तर शाफ्टचं टोक रस्त्यात रुततं आणि गाडी त्यावर उडी घेते. ते टोक वर धरून ठेवायला लोखंडी कडं लावतात. तुमच्या पुस्तकात ते कडं साध्या टायरवर 11.49 च्या आतल्या गाडीलाच लागतं. माझी म्हातारी 402 मीटरला किती घेईल ते विचारू नका, पण क्रॉस जवळपास चाळीस वर्षांचा आहे. तो आकडा गाडीचं वय विचारतच नाही.

फुटाळा_नाइट

काहून एवढं डोकं लावून राहिले बे? वीस गाड्यांसाठी दीडशे नियम. माह्या दोस्ताची गाडी मस्त पळते, ना हेल्मेट ना काही. एंट्री फी, हेल्मेट, तपासणी, सकाळी सहाला हजर... एवढ्यात त रिंग रोडवर रात्री दोनला दहा चकरा होतात फुकट. जेवढे नियम वाढवाल तेवढे पोट्टे तिकडे जातील. लिहून घ्या.

कोर्टाच्या पायरीवरून

फुटाळा, लिहून घेतलं. तूही हे लिहून घे. मोटार वाहन कायद्याचं कलम 189: सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलास तर एक वर्ष किंवा दहा हजार. 2019 च्या दुरुस्तीआधी दंड पाचशे होता, तुझ्या डोक्यात अजून तोच दिसतो.

आणि बाकीच्यांसाठीही एक गोष्ट, कारण हिच्यावर कोणी बोलतच नाहीये. आपल्या गाडीच्या विमा पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' म्हणून एक परिच्छेद असतो. आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी त्यात स्पष्ट वगळलेली असते. म्हणजे परवानगी असलेल्या आवारात, सगळे नियम पाळून गाडी ठोकली तरी दुरुस्ती खिशातून. कागदावर सही घेताना हे प्रत्येकाला मराठीत वाचून दाखवा.

हिंगण्याचा वेल्डर

मी दोन्ही बाजूंचं वाचलं. सक्ती करा का बंदी करा ते तुमचं तुम्ही बघा, पण 'रोल बार' म्हणून गाड्यांमध्ये काय बसून राहिलंय ते मी सांगतो.

मागच्या पावसाळ्यात एक पोरगा बार काढून टाकायला आला, बायको म्हणते मागच्या सीटवर लेकरू बसवता येत नाही. मी पाईप कापला आणि जाडी मोजायला व्हर्निअर लावला. भिंत 1.6 मिलिमीटर. हा खुर्च्या-टेबलाचा पाईप आहे भाऊ, लग्नाच्या मंडपात याच्यावर पंगत बसते. नियमातला पाईप पावणेदोन इंची आणि माइल्ड स्टील असेल तर भिंत 0.118 इंच, म्हणजे जवळजवळ 3 मिलिमीटर. वरून दोन्ही सारखेच दिसतात, काळा रंग मारला की विषय संपला.

पाय बघितले त आणखी कमाल. वेगळी चेसिस (खालचा लोखंडी सांगाडा) नसलेल्या गाडीत बारच्या पायाखाली सहा इंची चौकोनी, 3 मिलिमीटर जाड पट्टी लागते. एक फ्लोअरच्या वर, एक खाली, आणि दोन्हींना जोडणारे निदान चार बोल्ट, तीन सुताचे. इथे खालची पट्टीच नव्हती. वर एक छोटा तुकडा आणि पत्र्याचे स्क्रू. मी अंगठ्याने दाबलं तर फ्लोअरचा पत्रा डबडब वाजत होता. गाडी उलटली असती त बार टप धरणार नव्हता, फ्लोअर फाडून खाली गेला असता. आणि उंची? बार हेल्मेटच्या वर तीन इंच पाहिजे, डोक्यामागे सहा इंचांच्या आत पाहिजे. हा त्याच्या कानाच्या रेषेत होता.

हे काम केलं कोणी ते विचारू नका. पोराने तीन हजार दिले होते, तीन हजारांत तेच मिळते.

वर्धा रोडवाला

वेल्डर भाऊ, हेच मला म्हणायचं होतं आणि माझ्यापेक्षा तुम्ही चांगलं सांगितलं. सक्ती केली की वीसपैकी पंधरा जण तीन हजारवाला बार लावून येतील, आणि आपण त्याला 'पास' म्हणून टिकमार्क करू.

काका, तुमच्या पद्मिनीचं मान्य. मागच्या चाकांवर चालणाऱ्या, पंधरा वर्षांवरच्या प्रत्येक गाडीला शाफ्टचं कडं, वेळ काहीही असो. हे मसुद्यात घेतो. पहिल्या फेरीचंही मान्य: ज्याची वेळ माहीत नाही त्याने पहिली फेरी निम्म्या अंतरावर काढावी. पण बेल्टवर मी हलणार नाही.

जुनी पद्मिनी, धरमपेठ

हलू नका, पण वेल्डरचं लिहिणं तुमच्या बाजूचा पुरावा नाही. ते वाईट कामाबद्दल बोलले, बारबद्दल नाही. दुधात पाणी घालतात म्हणून आपण दूध बंद करत नाही, लॅक्टोमीटर आणतो. तुम्ही व्हर्निअर आणा.

भाच्याच्या त्या 2011 च्या गाडीचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

पटाचा शौकीन, भंडारा रोड

तुम्ही लोक ज्याला ड्रॅग म्हणता तो आमचा शंकरपट आहे. सरळ पट्टी, बैलांच्या दोन जोड्या, सेकंदाचा हिशोब. सुप्रीम कोर्टाने 2014 ला बंद केला, नंतर राज्याने कायदा केला, नियम केले, आणि 2023 मध्ये घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. मधल्या वर्षांत कुठे कुठे चोरून पट भरत होते, आणि जनावरांचे जास्त हाल तेव्हाच झाले. म्हणून फुटाळाचं म्हणणं मी पूर्ण टाकून देत नाही. नियम एवढे जड नकोत की माणूस अंधारात जाईल.

पण तुम्ही सगळे गाडीच्या आत बघून राहिले. पटावर जुना धुरकरी (जोडी हाकणारा) आधी पट्टीच्या पुढे चालत जातो. रेषेवर जोडी थांबत नसते. पुढे विहीर आहे, बांध आहे, का माणसं उभी आहेत, ते तो बघतो. तुमच्या आवारात रेषेनंतर किती जागा आहे ते कोणी सांगेल का?

वर्धा रोडवाला

चूक झाली, हे आधीच लिहायला हवं होतं. रेषेनंतर मोकळी जागा साधारण 300 मीटर, मग भिंत.

जुनी पद्मिनी, धरमपेठ

मग 402 मीटर विसरा! 17 सेकंदांची गाडी रेषा ओलांडते तेव्हा ताशी 130 किलोमीटरच्या पुढेमागे असते, म्हणजे सेकंदाला 36 मीटर. ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद, नंतर चांगल्या टायरवर ऐंशीएक मीटर. कागदावर बसतंय, हो. पण पोरगा वेळ बघायला दोन सेकंद लावणार, पंधराची गाडी आणखी जोरात असणार, डिसेंबरात सकाळी सातला काँक्रीटवर दव असणार, आणि सहाव्या फेरीला ब्रेक पॅडचा वास येत असणार.

जगातल्या सगळ्यात जोरदार गाड्यांचं घ्या. 2008 साली स्कॉट कलिट्टा हा टॉप फ्युएल आणि फनी कारचा मोठा ड्रायव्हर अमेरिकेत इंग्लिशटाउनला रेषेनंतर थांबू न शकल्याने जिवानिशी गेला. त्याच वर्षी एनएचआरएने त्या दोन वर्गांची पट्टी पाव मैलावरून हजार फुटांवर आणली. त्याच्या गाडीत केज, पॅराशूट, सगळं होतं.

201 मीटर ठेवा. तीच गाडी तिथे 105 च्या आसपास असेल.

कॅज्युअल्टीची ड्युटी

मी गाड्यांमधलं काही समजत नाही, भाऊ आग्रहाने वाचायला लावतो म्हणून वाचलं. तीन गोष्टी लिहिते, कोणत्या कलमात टाकायच्या ते तुम्ही ठरवा.

नायलॉनचा ट्रॅकसूट घालून कोणी येऊ नये. तो नुसता जळत नाही, वितळतो आणि कातडीला चिकटतो. तो सोडवताना काय होतं ते इथे लिहीत नाही. जाड सुती पँट, पूर्ण बाह्या, बंद बूट. चप्पल घालून आलेल्याला घरी पाठवा.

गाडीतून सगळं बाहेर काढा. पाण्याची बाटली ब्रेक लावताना पुढे येते आणि पेडलखाली जाते. पायाखालची मॅटसुद्धा.

अँब्युलन्स 'फोन केला की येईल' असं नको. उभी असलेली हवी, आणि ती पेशंट घेऊन गेली की ती परत येईपर्यंत शर्यत बंद.

फुटाळा_नाइट

ताईचं बरोबर आहे. बाटलीचं माह्यासोबत झालं होतं एकदा, कळमेश्वरच्या रोडवर. क्लचखाली गेली होती म्हणून वाचलो.

हेल्मेट बाइकचं चालते का? माह्याजवळ आयएसआयवालं आहे, फुल फेस.

वर्धा रोडवाला

फुटाळा, आयएसआयचा तो शिक्का, आयएस 4151, दुचाकीसाठी आहे. कारसाठी स्नेल संस्थेचं एसए नावाचं मानक असतं. त्यात आतलं अस्तर आगीला टिकणारं लागतं आणि रोल बारवर आदळण्याची वेगळी चाचणी होते. पण 201 मीटर आणि 17 सेकंदांच्या गाडीला तुझं चालवून घेऊ. त्याला कधी आपटलेलं नसलं पाहिजे, आणि हनुवटीचा पट्टा लागलेला पाहिजे. कोपरावर अडकवलेलं हेल्मेट धरत नाही.

आता मसुदा असा होतोय: 201 मीटर, सगळ्यांना हेल्मेट, ताईंच्या तिन्ही गोष्टी जशाच्या तशा, जुन्या मागच्या चाकांच्या गाडीला शाफ्टचं कडं. कंपनीच्या सीटवर चार पट्ट्यांचा बेल्ट असेल तर प्रवेश नाही. रोल बार असलाच तर वेल्डर भाऊंनी मोजलेला, नाहीतर काढून या.

काका, भाच्याच्या गाडीला माझ्याकडे उत्तर नाही. एअरबॅग नाही, एबीएस नाही, आणि बार लावायला सांगावं तर तो तीन हजारांचाच लावेल. मी तिला प्रवेश देऊ नये असं म्हणतो.

जुनी पद्मिनी, धरमपेठ

म्हणजे ज्याच्याकडे नवीन गाडी तोच शर्यतीला. बरं. आणि माझ्या पद्मिनीत कुठली एअरबॅग आहे? तिला नुसतं शाफ्टचं कडं लावून सोडलंत, मग भाचा का बाहेर?

हिंगण्याचा वेल्डर

काका बरोबर बोलून राहिले. भाच्याला रविवारी घेऊन या, सकाळी आठच्या आधी, तर्री पोहे गरम असेपर्यंत. 3 मिलिमीटरचा पाईप आणि सहा इंची पट्ट्या माझ्याकडे पडून आहेत, मजुरी नंतर बघू. बोल्ट लावून देतो, सोमवारी ऑफिसला जाताना पाना घेऊन काढून ठेवेल. आणि पद्मिनी पण आणा, तो क्रॉस मला हाताने हलवून बघायचा आहे.