डोळे आले तेव्हा तुम्ही काय केलंत?

गेल्या महिन्यात आमच्या घरात एकापाठोपाठ चौघांचे डोळे आले. सुरुवात माझ्यापासून. मी टॉवेल आणि उशीचा अभ्रा पहिल्याच दिवशी वेगळा केला असता, तर बाकीचे कदाचित वाचले असते. डॉक्टर म्हणाले, बहुतेकदा हा अ‍ॅडेनोव्हायरस असतो, अँटिबायोटिक थेंबांचा त्यावर उपयोग नाही. थंड पट्ट्या, कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि एक-दोन आठवडे धीर. नुसतं बघून डोळे येत नाहीत, हातांवाटे येतात. तुम्ही मनानेच डोळ्यांत काय घातलंत आणि पुढे काय झालं, ते जरूर लिहा.

*

माझा एकच डोळा लाल होता. भावाचे उरलेले थेंब घातले. दोन दिवसांत लाली उतरली, म्हणून घालतच राहिले. मग उजेड सोसेना, धूसर दिसायला लागलं. बुबुळावर हर्पिस नावाच्या विषाणूची जखम होती आणि त्या थेंबांत स्टेरॉइड! स्टेरॉइडने लाली दबते, पण या विषाणूला मोकळं रान मिळतं. डोळा वाचला, पण बुबुळावर पुसटसा डाग राहिलाय. दुखणं, उजेड न सोसणं, कमी दिसणं, यांतलं काहीही असेल तर कृपा करून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

*

मला रांजणवाडी सारखी व्हायची. कोमट पाण्याच्या घडीने १० मिनिटं शेक, दिवसातून तीन-चारदा. एकदा पिळली, तर सगळी पापणी सुजली. आता पापण्यांच्या कडा रोज स्वच्छ करते.

*

लेन्स लावून झोपायचो, डबी नळाखाली धुवायचो. बुबुळावर अल्सर झाला. दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. लेन्सला पाणी लागता कामा नये, हे मला आधी कुणीतरी ठणकावून सांगायला हवं होतं.

*

आमच्या बाळाच्या एका डोळ्याला सतत पाणी आणि चिपडं. अश्रुनलिका बंद होती. डॉक्टरांनी नाकाजवळ मसाज शिकवला, वर्षाच्या आत मोकळी झाली. पण नवजात बाळाचा डोळा लाल होऊन सुजला, पू आला, तर तासभरही थांबू नका.

*

भावाच्या थेंबांचं वाचून आत्ताच औषधांचा डबा उपसला. तीन उघड्या बाटल्या निघाल्या, एकीवर स्टेरॉइड लिहिलंय. कधी उघडल्या, कुणालाच आठवत नाही. तिन्ही टाकल्या.